भेंडीच्या कुळातला हॉलीहॉक

हॉलीहॉक हे भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद यांच्या कुळातले फूलझाड आहे. शास्त्रीय नाव आल्सिया रोझिया; हे नाव लिनिअसने १७५३ साली दिले. जमिनीलगत खरखरीत, लवदार, भोपळ्याच्या पानांची आठवण करून देणाऱ्या पानांचा घेर, त्यातून सरळ वर गेलेला पाच ते आठ फूट उंच दांडा आणि दांड्याला खालून वरपर्यंत चिकटून बसलेली तळहाताएवढी फुले, असे त्याचे रूप. पांढरा, फिका पिवळा, गुलाबी, किरमिजी, लाल असे बहुतेक रंग त्यात सापडतात. जवळजवळ काळा वाटावा इतका गडद जांभळाही सापडतो. निळा मात्र नाही. उत्तर हिंदुस्थानात त्याला गुलखैरा म्हणतात. मराठी मुलखात रोपवाटिकेत गेले तर ‘हॉलीहॉक’ हेच नाव चालते.

कुळाची ओळख पटवायला एक फूल पुरते. पाच पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचे देठ एकत्र जुळून एक नळी तयार होते आणि तिच्या टोकाशी परागांचा झुबका असतो. जास्वंदीत हीच नळी लांब होऊन फुलाबाहेर डोकावते, भेंडीच्या पिवळ्या फुलात ती आत दडून राहते, हॉलीहॉकमध्ये आखूड आणि जाड असते. पाने-खोडातला बुळबुळीतपणा तिघांत सारखाच. सालीतला चिवट धागाही सारखा: १८२१ साली वेल्समधल्या फ्लिंट गावाजवळ धाग्यासाठी २८० एकरांवर हॉलीहॉक लावल्याची नोंद आहे. तो प्रयोग टिकला नाही, पण अंबाडीचा वाख काढणाऱ्यांच्या प्रदेशात त्यामागची कल्पना सहज समजते. हॉलीहॉक वाढवताना हे नाते सतत उपयोगी पडते. बियांचा स्वभाव, मुळांची ठेवण आणि पुढे येणाऱ्या किडी या सगळ्या गोष्टी भेंडी-कपाशी पिकवणाऱ्याच्या ओळखीच्याच असतात.

हे झाड मूळचे कुठले, याबद्दल फार काळ चीनचे नाव घेतले जाई. तिथे त्याची लागवड हजाराहून अधिक वर्षे होत आली आहे. पण आजच्या बागांतला हॉलीहॉक जसाच्या तसा रानात कुठेच आढळत नाही. त्याचे जवळचे रानटी भाऊबंद तुर्कस्तान आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशात वाढतात. माणसाच्या हाताखाली, बागेतच घडत गेलेली ही जात आहे, असे आता मानतात. जपानमध्ये त्याला ‘ताचिआओई’ म्हणतात आणि तिथे त्याची सांगड पावसाळ्याशी घातली आहे. पावसाळा सुरू होताना दांड्याच्या तळची कळी उमलते आणि शेंड्याची शेवटची कळी उमलली की पावसाळा संपला, असे तिथले लोक म्हणतात. महाराष्ट्रात मात्र याच झाडाला पावसाळा सोसत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकाराने १९१९ ते १९२१ या काळात ॲलाइन बार्न्सडॉल यांच्यासाठी बांधलेले घर ‘हॉलीहॉक हाउस’ म्हणूनच ओळखले जाते. मालकिणीचे आवडते फूल म्हणून राइटने त्याचा दांडा साध्या भौमितिक आकारात बसवला आणि ती नक्षी घरभर वापरली. हे घर २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हॉलीहॉक बियांपासूनच का लावायचा, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडते. एसेक्स परगण्यातल्या सॅफ्रन वॉल्डन गावी विल्यम चेटर याच्या रोपवाटिकेने दुहेरी पाकळ्यांच्या हॉलीहॉकचे एकाहून एक सरस वाण तयार केले होते. निवडक वाण जसेच्या तसे टिकावेत म्हणून त्या काळी त्यांची वाढ छाटे घेऊन आणि मुळांवर कलमे करून केली जाई. पुष्पप्रदर्शनांत त्यांचा मोठा मान होता. १८७३ साली मूळचा चिलीचा तांबेरा रोग इंग्लंडात पोहोचला आणि थोड्याच वर्षांत हा सगळा डौल मोडला. पानांवर नारिंगी-तपकिरी पुळ्या उठत, पाने खालून वर वाळत जात आणि छाट्यांबरोबर रोगही नव्या रोपात उतरे. त्यानंतर बागवान वळले ते दरवर्षी नव्या बियांकडे. तांबेरा जुन्या पानांत आणि बुंध्यात तग धरून राहतो. दरसाल नवे रोप लावले की त्याचा मुक्काम बराचसा मोडतो. ‘चेटर्स डबल’ हा वाण आजही बियांच्या पाकिटावर त्याच नावाने मिळतो.

थंड देशांत हॉलीहॉक सहसा दोन वर्षांचे झाड असते. पहिल्या वर्षी पानांचा घेर धरतो, हिवाळाभर जमिनीलगत बसून राहतो, दुसऱ्या उन्हाळ्यात दांडा काढून फुलतो. त्याला आधी थंडी लागते आणि मग लांबत जाणारा दिवस. महाराष्ट्रात हे वेळापत्रक एका हंगामात बसवावे लागते: पावसाळा सरल्यावर पेरणी, थंडीत पानांचा घेर, संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की दांडा, शिमग्याच्या सुमाराला फुले. म्हणून बी घेताना पहिल्याच वर्षी फुलणारा वाण मागून घ्यावा. ‘मेजोरेट’ आणि ‘क्वीनी’ हे असे बुटके वाण आहेत. दोन-तीन फुटांवर थांबतात, म्हणून गच्चीवरच्या कुंडीलाही सोसतात. ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेने मेजोरेट १९७६ साली आणि जांभळा क्वीनी २००४ साली गौरवला होता. अंजिरासारख्या खोल कातरलेल्या पानांचा आल्सिया फिसिफोलिया हा वेगळा भाऊ तांबेऱ्याला जरा जास्त टक्कर देतो. दुहेरी फुले भरगच्च दिसतात खरी, पण त्यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग थोडे, बी थोडे आणि मधमाशीला आत शिरायला वाट नाही. पहिल्यांदा लावणाऱ्याने एकेरी फुलांचा वाण निवडणे केव्हाही चांगले.

बी पाहण्यासारखे असते. हॉलीहॉकचे पिकलेले बोंड तळहातावर घेऊन वरची वाळकी निदले बाजूला केली, की आत एक चपटे चाक दिसते. नाणी उभी करून गोलाकार लावावीत तसे वीस ते चाळीस चपटे तुकडे मधल्या आसाभोवती एकमेकांना चिकटून असतात. रस्त्याकडेच्या पेटारीचे फळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चाक लगेच ओळखू येते. मुले जिची फळे ठशासारखी उमटवतात ती मुद्रा ती हीच, आणि तीही याच कुळातली. हॉलीहॉकचे चाक बोटाने दाबले की नाणी सुटी होतात. प्रत्येक नाणे म्हणजे खरे तर फळाचा एक तुकडा, कडेला कागदासारखी पातळ झालर असलेला. खरे बी त्याच्या आत, मूत्रपिंडाच्या आकाराचे. बाजारात मिळते आणि आपण पेरतो ते हे नाणेच. एका ग्रॅममध्ये अशी साधारण शंभर बसतात, म्हणजे घरच्या बागेला एक लहान पाकीट पुरून उरते.

बियांचे कवच टणक असते, पाणी आत शिरायला वेळ लागतो. भेंडीचे बी पेरणीआधी रात्रभर भिजत घालतात, तसेच हेही घालावे. आठ ते बारा तास कोमट पाण्यात. फुगलेले बी लगेच पेरावे. जे सकाळीही कोरडे-कठीण राहिले असेल त्याची एक कड पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा काही तास भिजवावे. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात राहिले तर बी श्वास कोंडून कुजते.

पेरणीची तारीख हा या लागवडीचा कणा आहे. परतीचा पाऊस सरला आणि जमिनीत वाफसा आला की पेरावे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या भागांत ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे दसऱ्याच्या मागेपुढे. घाईने सप्टेंबरात पेरले तर पावसात रोपे कुजतात. दिवाळी उलटून गेल्यावर पेरले तर पानांचा घेर पुरता भरण्याआधीच ऊन तापू लागते, दांडा खुजा राहतो आणि फुले चार-सहावर आटोपतात. विदर्भात थंडी चांगली पडते, तिथे पीक छान येते. कोकणात आणि मुंबईत हवा दमट, थंडी नावापुरती. तिथे बुटके वाण कुंडीत लावून पाहावेत, उंच दांड्यांची आशा धरू नये. महाबळेश्वरसारख्या उंचावर थंडी लांबते, म्हणून फुलेही उशिरापर्यंत टिकतात.

हॉलीहॉकला सोटमूळ असते आणि ते फार लवकर खोल जाते. वर दोन पाने दिसत असतात तेव्हा खाली मूळ बोटभर उतरलेले असते. म्हणून सर्वात उत्तम म्हणजे जिथे फुलायचे तिथेच पेरणे. जागा दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळणारी, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची असावी; दक्षिणेकडची किंवा पूर्वेकडची भिंत फार चांगली. काळ्या जमिनीत पाणी धरून राहते, तिथे वीतभर उंच गादीवाफा करावा आणि त्यात जाड वाळू, पोयटा माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मुरमाड जमिनीत उलट खताचे प्रमाण वाढवावे. दीड ते दोन फुटांवर खुणा करून प्रत्येक ठिकाणी तीन-तीन बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात, वर भुसभुशीत माती पसरून झारीने पाणी द्यावे. तीनही उगवल्या तर दोन पाने आल्यावर सगळ्यांत सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर राहिलेल्याचे मूळ दुखावते.

जागा मोकळी नसेल तर रोपे तयार करावी लागतात. त्यासाठी पसरट ट्रे नको; खोल पिशवी किंवा कागदाचा पेला हवा, म्हणजे मूळ सरळ उतरते. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून त्यात कोकोपीट, गांडूळखत आणि वाळू सारख्या भागाने भरली तर ती सुरळी रोपासकट जमिनीत पुरता येते आणि मुळाला हातही लागत नाही. पेरलेले पेले सावलीत, पण उजेडात ठेवावेत. हवा वीस अंशांच्या आसपास असली तर दहा ते चौदा दिवसांत कोंब दिसतो. ऑक्टोबरच्या उष्म्यात काही बिया आठवड्यातच वर येतात. आधी मान वाकवून बाहेर येणारा फिकट कोंब, मग सरळ होणारी दोन हृदयाकृती बीजपत्रे. त्यांच्या टोकाला कधी कधी बियांचे कवच टोपीसारखे अडकून राहते. ते ओढून काढू नये, पाण्याचा एक शिडकावा दिला की सुटते.

या टप्प्यावर रोपे मरतात ती बहुधा पाण्याने. मातीच्या पातळीवर देठ काळा पडून रोप एका रात्रीत आडवे होते, ही रोपमर. माती वरून सुकलेली दिसल्याशिवाय पाणी घालू नये, घालायचे ते सकाळी, आणि दोन-तीन दिवसांतच रोपे सकाळच्या उन्हात आणावीत. बीजपत्रांनंतर तीन-चार खरी पाने आली की, साधारण चौथ्या आठवड्यात, लावणी करावी. मूळ पेल्याच्या तळाशी गोल फिरू लागण्याआधी ती झालीच पाहिजे, कारण वाकडे झालेले सोटमूळ पुढे कधी सरळ होत नाही आणि अशा झाडाचा दांडा वाऱ्याने मुळासकट कलतो. लावणी संध्याकाळी करावी, लगेच पाणी द्यावे, दोन दिवस सावली करावी. कुंडी असेल तर ती बारा-चौदा इंच खोल हवी आणि एका कुंडीत एकच रोप.

त्यानंतरचे दोन महिने काहीच घडत नाही असे वाटते. नोव्हेंबर आणि डिसेंबर झाड फक्त पाने काढते. पाच-सात कंगोऱ्यांची पाने एकावर एक पसरत जातात आणि ताटाएवढा, पुढे परातीएवढा घेर होतो. नवखा माणूस इथे धीर सोडतो आणि नत्राचे खत ओततो. ते टाळावे, जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि मावा त्यावर तुटून पडतो. आठवड्यातून दोनदा खोल पाणी, पंधरा दिवसांनी हलकी खुरपणी, एवढे पुरे. जानेवारीत घेराच्या मध्यातून दांडा डोके वर काढतो आणि मग वाढीचा वेग डोळ्यांत भरतो. त्या वेळी बुंध्याशी दोन मुठी गांडूळखत किंवा शेणखत आणि थोडी लाकडाची राख द्यावी. दांडा दोन फुटांचा होताच शेजारी बांबू रोवून मऊ सुतळीने आठच्या आकड्यासारखी गाठ मारून बांधावा. बांबू उशिरा रोवला तर सोटमूळ तुटते.

फेब्रुवारीच्या शेवटी तळाच्या कळ्या उमलतात. एक फूल दोन-तीन दिवस टिकते, पण दांड्यावर कळ्यांची रांग असल्याने झाड महिनाभर फुललेले दिसते. उमललेल्या फुलात रोज डोकावले तर त्याची एक सुंदर व्यवस्था दिसते. पहिल्या दिवशी मधल्या नळीवर फक्त परागांचा झुबका असतो, मादीचा भाग आत मिटलेला. पराग वाहून गेल्यावर त्याच नळीच्या टोकातून बारीक गुलाबी तंतू बाहेर पडतात; हे स्त्रीकेसर. फूल आधी नर आणि मग मादी होते, त्यामुळे दुसऱ्या झाडाचे पराग मिळण्याची शक्यता वाढते. मधमाशी आलीच नाही तर हे तंतू मागे वळतात आणि उरलेल्या स्वतःच्या परागांना टेकतात, म्हणजे बी धरते ते धरतेच. हॉलीहॉकचे पराग आकाराने मोठे आणि काटेरी असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसतात. फुलातून बाहेर पडणारी मधमाशी पिठात लोळल्यासारखी पांढरट झालेली असते.

कीड-रोगांच्या बाबतीत हॉलीहॉक आपले कूळ लपवत नाही. कपाशीवरचे आणि भेंडीवरचे जवळजवळ सगळे पाहुणे इथेही येतात. पान सुरळीसारखे गुंडाळून आत बसणारी अळी कपाशीवर असते तीच. गुंडाळी हाताने तोडून नष्ट केली तरी काम भागते. ठिपक्यांची बोंडअळी कळीत आणि कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. तो भाग खालून छाटून जाळावा. तांबडे ढेकूण पिकत्या बोंडांवर झुंडीने बसतात आणि बी आतून पोकळ करतात. मावा आणि पिठ्या ढेकूण यांना पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा; पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोहोचला नाही तर उपयोग नाही. मार्चच्या कोरड्या उन्हात लाल कोळी पानांखाली जाळी विणतो, पाने राखी पडतात. त्यावर पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय. सगळ्यांत वाईट तो केवडा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगासारखाच विषाणूरोग पांढऱ्या माशीमुळे हॉलीहॉकमध्ये पसरतो आणि त्यावर औषध नाही. शिरा पिवळ्या पडलेले झाड, त्यावर कितीही कळ्या असल्या तरी, उपटून जाळावे. म्हणूनच भेंडीच्या वाफ्याला लागून हॉलीहॉक लावू नये.

तांबेऱ्याला थंड आणि ओली हवा मानवते, त्यामुळे कोरड्या पठारावर तो त्या मानाने कमी त्रास देतो. धुके-दंव पडणाऱ्या ठिकाणी मात्र सावध राहावे. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर ठिपका आणि त्याच्या बरोबर खाली तपकिरी पुळी ही त्याची खूण. असे पान दिसताच तोडावे, ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे. दोन रोपांत ठेवलेले दीड-दोन फुटांचे अंतर इथे कामाला येते, कारण वारा खेळत्या जागी पाने लवकर सुकतात.

बी धरायचे तर एप्रिलमध्ये. सगळी बोंडे एकदम पिकत नाहीत. फुले खालून वर उमलली, त्याच क्रमाने बीही पिकते. बोंड तपकिरी होऊन निदले उघडू लागली आणि आतले चाक बोटाला सुटे लागले की ते काढावे. हिरवट असताना काढलेले बी सुरकुतते. रंगीबेरंगी झाडे शेजारी असतील तर मधमाश्या पराग मिसळतात आणि पुढच्या वर्षी गडद जांभळ्याच्या बियांतून फिका गुलाबीही निघतो. एखादा रंग जपायचा असेल तर त्या दांड्यावरच्या काही कळ्यांना उमलण्याआधी मलमलीची छोटी पिशवी बांधावी आणि स्त्रीकेसर बाहेर आले की त्याच रंगाच्या दुसऱ्या फुलाचे पराग मऊ ब्रशने लावावेत. धाग्याची खूण बांधलेली बोंडे वेगळी ठेवावीत.

काढलेली बोंडे सुपात पसरून सावलीत चार-पाच दिवस वाळवावीत, मग चोळून पाखडावीत. निदलांचा एकही तुकडा बियांत राहू देऊ नये; तांबेरा एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो तो बहुधा याच वाळक्या तुकड्यांवरून. भोके पडलेली, हलकी नाणी वाऱ्यावर उडून जातात, जड तेवढी ठेवावीत. कागदी पाकिटावर रंग आणि साल लिहून ती पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कोरड्या राखेचा थर देऊन ठेवली की पावसाळ्याची ओल लागत नाही. नीट ठेवलेले बी दोन-तीन वर्षे उगवते. वाफ्यात सांडलेले बी मात्र जूनच्या पहिल्या सरींनी आपोआप रुजते आणि हिरवीगार रोपे पाहून मोह होतो. ती जुलै-ऑगस्टच्या झडीत कुजतात, म्हणून वेळीच काढून वाफा मोकळा ठेवावा आणि डब्यातले बी दसऱ्याच्या आदल्या रात्री भिजत घालावे.